धूळ न खाणारं यंत्र

एका जंगलात धूळ फार होती. पूर्वी नव्हती, बाळांनो. पूर्वी तिथं झाडं होती. मग सिंहमहाराजांच्या मेहुण्यानं टेकडीच्या पायथ्याशी खडी क्रशर टाकलं. दगड आत जायचा, खडी बाहेर यायची आणि उरलेली पांढरी भुकटी सगळ्या जंगलाच्या नाकात जायची. महाराजांनी जाहीर केलं, जंगलाची प्रगती होते आहे. हरणांनी टाळ्या वाजवल्या. हरणं कशालाही टाळ्या वाजवतात, त्यांचं सोडा.

आता लगेच हात वर करू नका. जंगलात क्रशर कसं, अस्वलाच्या गुहेत वीज कशी, असल्या शंका ज्यांना येतात त्यांनी घरी जाऊन शास्त्राचं पुस्तक वाचावं. मी गोष्ट सांगतोय. इथं बसायचं तर गप बसून ऐकायचं.

तर क्रशरपासून हाकेच्या अंतरावर एक गुहा होती. तिथं एक अस्वल राहायचं. नाव त्र्यंबकराव. जन्मभर वनखात्यात नोकरी केली. काम काय, तर मधमाश्यांच्या पोळ्यांकडे लांबून बघायचं आणि वहीत शेरा मारायचा, ‘पोळं जागेवर आहे.’ असे तीस वर्षं शेरे मारून ते निवृत्त झाले. हाताला कधी घट्टा पडला नाही. त्यामुळे आपल्या हातात मोठी कला आहे असं त्यांना वाटायचं. वापरलीच नाही तर खोटं ठरणार कसं?

त्यांच्या बायकोचं नाव वत्सलाबाई. त्या काय करायच्या? केर काढायच्या. सकाळी उठून एकदा, जेवणं झाल्यावर एकदा आणि दिवेलागणीच्या आत एकदा. भुकटी दाराच्या फटीतून यायची, छताच्या भेगेतून यायची, पाण्याच्या हंड्यावर साय धरावी तशी धरायची. केरसुणी मारली की ती उडायची. अर्धी दाराबाहेर जायची आणि अर्धी वत्सलाबाईंच्या छातीत.

होता होता छाती भरली. आधी नुसता खोकला होता, मग धाप लागायला लागली. चार पावलं चाललं की भिंतीला हात टेकायचा. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लावायचा. बोलता बोलता वाक्य मध्येच तुटायचं. त्र्यंबकराव म्हणायचे, वय झालं आता. वय दोघांचंही सारखंच झालं होतं. केरसुणी मात्र एकीच्याच हातात होती.

होळी झाल्यावर शेवटी डॉक्टर बगळ्यांना बोलावलं. त्यांनी वत्सलाबाईंच्या पाठीला नळी लावली, मोठा श्वास घ्या म्हणाले. मोठा श्वास कुठून आणणार? बगळ्यांनी नळी गुंडाळली, कोपऱ्यातली केरसुणी पाहिली आणि त्र्यंबकरावांना समोर बसवलं.

“ही धूळ आता उडवायची नाही, ओढून घ्यायची. घरात व्हॅक्युम क्लीनर आणा आणि रोज फिरवा. पुढच्या थंडीत ही छाती असली धूळ सोसायची नाही. तेव्हा मला बोलावून काही उपयोग नाही, आत्ताच सांगतो.”

हे ऐकून त्र्यंबकरावांचे डोळे चमकले. ते तडक उठले, शिडी लावली आणि माळ्यावर चढले. आपल्या आजारपणासाठी हा प्राणी शिडी चढला, हे पाहून वत्सलाबाईंना भरून आलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. असं भरून यायचे प्रसंग त्यात फारसे आले नव्हते, त्यामुळे त्यांना ते ओळखायलाही जरा वेळ लागला.

माळ्यावरून खाली आलं एक लोखंडी नळकांडं. हा व्हॅक्युम क्लीनर फार जुना. जंगलात गोरा साहेब डाक बंगल्यावर राहायचा, त्या काळातला. त्र्यंबकरावांचे वडील त्या बंगल्यावर खानसामा होते. साहेब बोटीत बसून निघून गेला, यंत्र यांच्या घरी आलं. त्याला खाली घसरपट्टीसारख्या दोन पट्ट्या होत्या, पुढं कापडी वेष्टनाची नळी होती, मागं खाकी पिशवी होती. पिशवी उंदरांनी खाल्ली होती. अंगावर गंजाचे पोपडे आले होते. दोन पिढ्या त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवत आल्या होत्या.

आता गंमत बघा, मुलांनो. अस्वलाला देवानं तोंडातच व्हॅक्युम क्लीनर बसवून दिलाय. वारुळाला ओठ लावले, सूं केलं, की वाळवी पोटात. खोटं वाटत असेल तर एखाद्या अस्वलाला विचारा, पण लांबून विचारा. तर असं यंत्र जन्मापासून जवळ असलेल्या माणसाला, माणूस काय, अस्वलाला, दुसऱ्याच्या यंत्राचं एवढं वेड लागावं, हे मला काही समजत नाही. समजून घ्यायची इच्छाही नाही.

शेजारच्या सागावर एक सुतारपक्षी राहायचा. तो वायरमनचं काम करायचा. त्याला बोलावलं. त्यानं यंत्र उघडलं, मोटार हातानं फिरवून पाहिली. म्हणाला, मोटार शाबूत आहे. वायर बदलतो, मोटारीत कार्बनचे ब्रश नवे टाकतो, वहिनींनी कुठल्याही जाड कापडाची पिशवी शिवावी, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. वत्सलाबाई लगेच सुई शोधायला लागल्या.

पण त्याच वेळी दारात बापूसाहेब तरस येऊन उभे राहिले. आता हे कोण? हे जंगलातल्या ‘जुनं ते सोनं’ मंडळाचे अध्यक्ष. तरसाला शिळंपाकं खायची सवय असते, त्यामुळे जुन्याची पारख आपल्यालाच आहे असा त्यांचा समज होता. त्यांनी यंत्राभोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून वास घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाले की हा ठेवा आहे, याला असा वाटेल तसा हात लावणं म्हणजे पाप आहे. सगळं ओरिजिनल पाहिजे. स्क्रूसुद्धा ओरिजिनल पाहिजे.

‘ओरिजिनल’ हा शब्द त्र्यंबकरावांनी पहिल्यांदाच ऐकला. तो त्यांच्या जिभेवर जो बसला तो उठलाच नाही. त्यांनी सुतारपक्ष्याला चहा पाजून परत पाठवलं. वत्सलाबाईंना सांगितलं, तू काही काळजी करू नकोस, घाईघाईनं काहीतरी करून देण्यापेक्षा तुझ्यासाठी असं यंत्र उभं करतो की सगळं जंगल बघत राहील.

वत्सलाबाईंना सगळ्या जंगलानं बघायला नको होतं. त्यांना श्वास घ्यायचा होता. पण नवऱ्याला इतक्या वर्षांनी काहीतरी करावंसं वाटतंय, तर मोडता कशाला घाला, असं त्यांच्या मनात आलं. अशा मनानंच बायकांचं वाटोळं होतं. मुलींनो, हे लिहून घेतलं नाहीत तरी चालेल, पण ऐकून ठेवा.

मग सुरू झालं काम. पहिल्यांदा गंज काढायचा. त्र्यंबकराव गुहेच्या मधोमध चटई टाकून बसले आणि पॉलिश पेपर घासायला लागले. खर्र खर्र खर्र. सकाळी सुरू केलं की दुपारपर्यंत. गंजाची तांबडी भुकटी उडायची, जुन्या रंगाची हिरवी भुकटी उडायची आणि क्रशरची पांढरी तर होतीच. आधी घरात एका रंगाची धूळ होती, आता तीन रंगांची झाली. वत्सलाबाई तीनदा केर काढायच्या त्या पाचदा काढायला लागल्या. तोंडाला ओला पदर बांधायच्या आणि वाकायच्या.

त्या म्हणाल्या, जरा बाहेर बसून घासता का? त्र्यंबकरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू लहान मूल काही बरळलं. त्यांनी समजावून सांगितलं की बाहेर क्रशरची धूळ आहे, ती यंत्रावर बसेल.

गंज निघाला, मग रंग आला. रंग ओला असताना त्यावर कण पडता कामा नये. म्हणून गुहेचं दार बंद. रंगाच्या वासानं वत्सलाबाईंना आत बसवेना, तेव्हा त्र्यंबकरावांनी त्यांच्यासाठी बाहेर पाट टाकून दिला. क्रशरच्या दिशेला तोंड करून त्या दोन दिवस पाटावर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आतून आवाज आला, खोकू नकोस, दार हलतंय.

रंग वाळला, मग पॉलिश आलं. यंत्राच्या पोटाला चांदीसारखी एक पट्टी होती. ती चमकवायला मऊ कापड लागतं. नवं कापड चालत नाही, चरे पडतात. पुष्कळ धुतलेलं, वापरून वापरून लोण्यासारखं झालेलं सुती कापडच पाहिजे. ते घरात कुठं असतं हे तुम्हाला माहीत आहे. वत्सलाबाईंची चार पातळं होती. त्यांतली दोन फाटली. त्र्यंबकराव गोल गोल हात फिरवत पट्टी घासायचे आणि तिच्यात आपलं तोंड दिसलं की समाधानानं हसायचे. नाक मोठं दिसायचं, पण तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

पिशवी वत्सलाबाईंनी शिवली. एक टाका घालायच्या, दम घ्यायच्या, पुन्हा एक टाका घालायच्या. आठ दिवसांत पिशवी झाली. बापूसाहेबांनी भिंग लावून पाहिली. म्हणाले, साहेबाच्या पिशवीला इंचात दहा टाके होते, हिला आठच आहेत. पिशवी उसवली. पुन्हा शिवली. या खेपेला शिवण उजवीकडून आली होती, ती डावीकडून पाहिजे होती. पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा शिवताना वत्सलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते खोकल्यानं असेल असं सगळ्यांनी धरलं.

एवढ्यात पाऊस आला. क्रशर बंद पडलं, धूळ खाली बसली. वत्सलाबाईंना जरा आराम वाटायला लागला. बघ, त्र्यंबकराव म्हणाले, उगीच घाई करत होतो आपण. आणि त्यांनी यंत्राच्या दोन कड्या पुन्हा खोलल्या, कारण त्यांतल्या एकीचा आवाज दुसरीपेक्षा वेगळा येत होता.

गणपतीत त्यांची मुलगी माणिक आली. ती नदीपलीकडच्या जंगलात राहायची. आईची छाती ऐकून तिला रडू आलं. नुसती रडून बसणाऱ्यातली ती नव्हती. येतानाच तिनं एक नवा व्हॅक्युम क्लीनर आणला होता. प्लॅस्टिकचा, लाल, हलका, बटण दाबलं की चालणारा. तिनं स्वतः सगळी गुहा साफ करून दाखवली. त्या दुपारी वत्सलाबाई आडव्या होऊन झोपल्या. उशा न लावता झोपल्या. माणिक त्यांच्या पायाशी बसून त्यांची छाती वरखाली होताना बघत होती.

त्र्यंबकराव छान आहे म्हणाले. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि माणिक परत गेली.

तिसऱ्या दिवशी वत्सलाबाईंनी ते लाल यंत्र काढलं. बटण दाबलं, चालेना. पुन्हा दाबलं. उलटं करून पाहिलं तर आत पोकळ. मोटारीचे कार्बन नव्हते, बेअरिंग नव्हतं, आठ स्क्रू नव्हते. सगळं जुन्याच्या पोटात गेलं होतं.

त्या नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्र्यंबकरावांना लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटतं? तुम्ही लहान आहात. ते उत्साहानं सांगायला लागले की प्लॅस्टिकची वस्तू दोन वर्षांत मोडणारच होती, तिचा जीव आता कायम राहणाऱ्या वस्तूत गेला, हे एका अर्थानं तिचं भाग्यच. मग वत्सलाबाईंनी विचारलं, पण ते बेअरिंग ओरिजिनल कुठं आहे? त्यावर ते म्हणाले, आतलं कोणाला दिसतंय.

अखेर खंडेनवमी आली. त्या दिवशी आपण हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा करतो. विळी, कोयता, शिवणयंत्र, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी असते. सालभर राबतात म्हणून त्यांचे उपकार मानायचे. राबतात म्हणून, हे ध्यानात ठेवा.

त्र्यंबकरावांनी बरोबर हाच मुहूर्त धरला. यंत्र तयार झालं होतं. खरं सांगायचं तर झालं होतं देखणं. हिरवंगार अंग, चांदीची पट्टी, पितळी कड्या, नळीला नवं विणलेलं वेष्टन. सगळं जंगल बघायला लोटलं. पाटावर यंत्र ठेवलं, भोवती रांगोळी काढली. रांगोळी वत्सलाबाईंनी काढली, वाकून. यंत्राला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हरणांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्र्यंबकरावांनी बटण दाबलं. यंत्र घुमायला लागलं. काय आवाज होता! नळीच्या तोंडाशी एक झेंडूची पाकळी धरली तर ती सुळकन आत गेली. वत्सलाबाईंच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. सात महिने त्या या आवाजाची वाट बघत होत्या. त्या पुढं झाल्या, नळी उचलली आणि आपल्या अंथरुणाच्या कोपऱ्याकडं निघाल्या. तिथं बोटभर धूळ साचली होती.

त्र्यंबकरावांनी झडप घालून बटण बंद केलं.

“काय करतेस?”

“केर ओढतेय.”

“अगं, त्यात धूळ जाईल.”

एका माकडिणीच्या कडेवरचं पोर तेवढं हसलं, त्याला आईनं चापट मारली. त्र्यंबकराव हळू आवाजात, चारचौघांत बायकोला सांभाळून घ्यावं तसं म्हणाले, “आत्ता पूजा झाली त्याची. कुंकू लागलंय. आपण ज्याला हात जोडले त्याच्या तोंडात केर कोंबायचा का?”

सगळ्यांना ते पटलं. म्हाताऱ्या रानगव्यानं मान हलवली, खारीनं कानाला हात लावून देवाला चूक पदरात घ्यायला सांगितलं. बापूसाहेब तर म्हणाले की मूठभर जरी धूळ आत गेली तरी या वस्तूचा दर्जा कायमचा गेला. वत्सलाबाईंनी नळी खाली ठेवली. आज सुट्टीच असते यंत्राला, उद्या लावू, असं त्यांनी स्वतःशी म्हटलं.

उद्या दसरा होता. दसऱ्याला सोनं द्यायला सगळे आले, आपट्याची पानं यंत्रापुढं ठेवून गेले. मग कोजागिरी आली. मग मंडळाचं प्रदर्शन ठरलं, त्यासाठी यंत्र आहे तसं राहायला हवं होतं. मग प्रदर्शनात पहिला क्रमांक आला. ‘शून्य वापर, अस्सल अवस्था’ असं प्रमाणपत्रावर लिहिलं होतं. आता ज्याला शून्य वापराचं प्रमाणपत्र मिळालंय त्याचा वापर कसा करणार? तसं केलं तर प्रमाणपत्र खोटं ठरलं असतं. त्र्यंबकराव खोटं कधी बोलत नसत.

पाऊस सरला तसं क्रशर पुन्हा सुरू झालं होतं. त्यात बघ्यांची रीघ लागली. जो तो पायाला भुकटी घेऊन यायचा, यंत्र बघायचा, वा म्हणायचा आणि भुकटी ठेवून जायचा. धूळ ओढायच्या यंत्रापुढं धूळ दिसली तर घराची शोभा काय राहिली? म्हणून पाहुणे यायच्या आधी वत्सलाबाई केरसुणी मारायच्या आणि पाहुणे गेल्यावर पुन्हा मारायच्या. पाहुण्यांना चहाही लागायचा.

दिवाळीनंतर डॉक्टर बगळे आले. त्यांना आधी यंत्र दाखवलं, मग पेढा दिला, मग पेशंट दाखवली. बगळ्यांनी पेढा बाजूला ठेवला. छाती तपासायला त्यांना नळी काढावीच लागली नाही, दारातूनच शीळ ऐकू येत होती. ते त्र्यंबकरावांकडे पाठ करून बसले. वत्सलाबाईंना म्हणाले, वहिनी, थंडी आठ दिवसांवर आलीय, मुलीला निरोप धाडतो.

ते गेल्यावर वत्सलाबाई भिंत धरत धरत यंत्रापाशी आल्या. त्र्यंबकराव पट्टी पुसत होते.

“अहो, एकदाच लावा. सगळं घर नको. माझ्या... माझ्या अंथरुणापुरतं.”

त्र्यंबकरावांचा हात थांबला. त्यांना खरंच वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

“सात महिने खपलो मी याच्यासाठी,” ते म्हणाले. “तुला माझ्या कष्टांची काही किंमतच नाही.”

भांडायलाही श्वास लागतो. वत्सलाबाईंनी उरलेली दोन पातळं गाठोड्यात बांधली. दोन दिवसांनी माणिक आली आणि आईला पाठीवर घेऊन नदीपार गेली. जाताना तिनं ते पोकळ लाल यंत्र तेवढं दाराबाहेर नेऊन ठेवलं. कुणीतरी विचारलं तेव्हा त्र्यंबकराव म्हणाले, हवापालटाला गेलीय.

आता गुहेत दोघंच राहिले. अस्वल आणि यंत्र. पहिला दिवस आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी पट्टीत तोंड धूसर दिसायला लागलं. बोट फिरवलं तर बोटाला पांढरं. धूळ बसली होती. कोणावर? यंत्रावर. त्र्यंबकरावांनी फडकं घेतलं आणि पुसलं, तर चांदीच्या पट्टीवर बारीक चरा उमटला. ती साधी धूळ नव्हती, दगडाची होती. त्यांनी केरसुणी घेऊन जमीन झाडली, तर धूळ उडाली आणि यंत्रावर आणखी जाड बसली. त्यांनी चादर पांघरली, चादरीतून धूळ गाळून आत गेली. घरात धूळ इतकी असते आणि रोज येते, हा शोध त्यांना साठी उलटल्यावर लागला.

त्यांनी बायकोला पत्र लिहिलं. लिहिलं की परिस्थिती गंभीर आहे, पट्टीवर चरे पडत आहेत, डाव्या कडीचं पितळ काळवंडायला लागलं आहे, तरी लवकरात लवकर निघून ये. श्वास कसा आहे हे विचारायला कागदावर जागा उरली नाही. उत्तर आलं नाही.

मग एके दिवशी सकाळी त्र्यंबकराव उठले आणि तरातरा हत्तीच्या दुकानात गेले. तिथला सगळ्यात भारी, सगळ्यात ताकदीचा नवा व्हॅक्युम क्लीनर त्यांनी मागितला. प्लॅस्टिकचा चालेल का, हत्तीनं विचारलं. चालेल म्हणाले. लगेच पाहिजे म्हणाले. बांधून द्यायलाही थांबले नाहीत, डोक्यावर घेऊन धावत घरी आले.

घरी येऊन त्यांनी नवं यंत्र लावलं आणि जुन्या यंत्राभोवतीची धूळ ओढली. मग त्याच्या खालची ओढली, छतावरची ओढली, भेगांतली ओढली. वत्सलाबाईंच्या अंथरुणाचा कोपराही ओढला, कारण तिथली धूळ उडून यंत्रावर येत होती. दिवसातून तीनदा ते गुहा साफ करायला लागले. आठ दिवसांत गुहा अशी लखलखीत झाली की सांगता सोय नाही. त्यांनी फोटो काढला, मधोमध यंत्र, शेजारी आपण. तो पत्राला जोडला आणि लिहिलं की आता ये, घरात धूळ औषधालासुद्धा उरलेली नाही. जी गोष्ट सात महिन्यांत जमली नाही ती मी आठ दिवसांत करून दाखवली. कशी केली तेही त्यांनी सविस्तर लिहिलं.

नदीपलीकडं वत्सलाबाई उन्हात बसल्या होत्या. तिथली थंडी स्वच्छ होती. त्या आता काठावरून वर घरापर्यंत न थांबता चढून यायच्या. त्यांनी ते पत्र माणिकला मोठ्यानं वाचून दाखवलं. अख्खं पत्र वाचलं, मध्ये कुठंही दम घ्यायला थांबल्या नाहीत. माणिकनं विचारलं, काय कळवू?

“लिही,” त्या म्हणाल्या, “घरात आता दोन यंत्रं झाली. तिसरं काही परत येत नाही.”

त्र्यंबकरावांनी ते उत्तर दोनदा वाचलं. त्यांना काही उलगडेना. शेवटी ते पत्र घेऊन बापूसाहेबांकडे गेले आणि विचारलं, हे तिसरं यंत्र कुठलं म्हणते ती? बापूसाहेबांनी भिंग लावून पत्र पाहिलं. म्हणाले, कल्पना नाही, पण ओरिजिनल असेल तर हातचं जाऊ देऊ नका.

तात्पर्य : बाळांनो, उद्योगी व्हा, रोज उपयोगी पडा असं तुम्हाला शाळेत सांगतात, तिकडं लक्ष देऊ नका. घरात कोणी आपल्याला जपावं असं वाटत असेल तर वेळीच बंद पडावं, अंगावर चांगला गंज चढू द्यावा आणि माळ्यावर जाऊन पडावं. जे रोज चालतं त्याला कोणी पॉलिश करत नाही.